अव्वा सिनेमा ऐकायची

दुष्काळाच्या साली आमच्या शेतात पेरलेलं उगवलंच नाही. उदगीरच्या पुढं, कर्नाटकाच्या अंगाला आमचं गाव. आप्पा म्हणजे माझे वडील आणि अव्वा म्हणजे आई, दोघंही सरकारी कामावर खडी फोडायला जायचे. शाळा सुटली की मीही तिकडंच. वाटपात मिळालेली सुकडी, म्हणजे गोड पौष्टिक पीठ, अव्वा पदराला बांधून माझ्यासाठी ठेवायची.

बाकीच्या बाया ताठ बसून हातोडी मारायच्या. अव्वा पार दगडावर वाकायची. कपच्या उडून तोंडाला लागायच्या. तिच्या भुवईवर एक वण अजून आहे. मुकादम ओरडायचा, "ए बाई, दगड फोडतीस का मुका घेतीस त्येचा?" सगळे हसायचे, अव्वाही हसायची.

तिला हातभराच्या पलीकडचं नीट दिसत नव्हतं. हे मला कळायला पुढं दहा वर्षं लागली. तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. सगळ्यांना असंच दिसतं, अशी तिची समजूत. माणसं ती चालीवरून, खोकल्यावरून ओळखायची. समोरचा गप गेला की तीही गप जायची आणि गाव म्हणायचं, "लई मिजास हाय बाईला."

कामाच्या तळाजवळ त्या साली तंबूतला सिनेमा आला. मी बायकांच्या बाजूला अव्वाच्या मांडीला मांडी लावून बसलो. पडद्यावर काही झालं की ती कोपरानं ढोसायची, "आता काय झालं? सांग की रं." मी सांगायचो. विहिरीवर बहीण भावाला राखी बांधते आणि रडते, तो प्रसंग तर मी तिला तीनदा सांगितला. घरी आल्यावर ती आप्पांना म्हणाली, "सिनेमा ऐकून आलो." तिच्या बोलण्याची तऱ्हाच तशी, म्हणून आम्ही हसलो. मला सिनेमाचं वेड लागलं ते तिथं, दुसऱ्याला सांगता सांगता.

पुढं नांदेडला कॉलेजात गेलो. घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस एका चाचांच्या चष्म्याच्या दुकानात काम. सुट्टीच्या दिवशी टॉकीज. हिरोच्या गोष्टीपेक्षा मी त्याच्या चष्म्याची फ्रेम बघायचो आणि वहीच्या मागच्या पानांवर काढायचो. चाचा वही बघून म्हणायचे, "फ्रेम अच्छी है मियाँ, पर पैले नाक देखो. नंबर बाद में." काच घासणं, नंबर काढणं, सगळं त्यांनी शिकवलं. खोटं कशाला बोलू, चार वर्षं परक्यांचे डोळे तपासले, पण सुट्टीत घरी जाऊन अव्वाच्या डोळ्यांकडं कधी बघितलं नाही.

मी बी.ए. झालो आणि थोड्याच दिवसांत लातूर वेगळा जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, कारकून आले, कारकुनांचे डोळे आले. चाचांनी नंबर काढायच्या काचांची जुनी पेटी मला दिली आणि म्हणाले, "जाओ, अपने गाँववालों को दिखाओ दुनिया."

लातुरात मी दुकान थाटलं ते टॉकीजसारखं. आरशावर लाल पडदा. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायची आणि मग पडदा ओढायचा. भिंतीवर सिनेमांचे जुने फोटो, टॉकीजच्या डोअरकीपरनं दिलेले. खेड्यातल्या माणसाला अक्षरांचा तक्ता दाखवला की तो लाजून "दिसतंय सगळं" म्हणतो. म्हणून मी फोटो दाखवायचं ठरवलं. हिरोच्या शर्टाला गुंड्या किती? बाईच्या हातात बांगड्या किती? हे सांगायला शाळा लागत नाही.

त्या फोटोंत विहिरीवरच्या बहिणीचाही होता. अव्वासाठी तो बरोबर समोर लावलाय, असं मी घरी कळवलं होतं. पण उद्घाटनाच्या सकाळी तो भिंतीच्या ओलीनं सुटला. त्या जागी मी घोड्यावरचा हिरो लावला.

आप्पांनी नारळ फोडला. मी अव्वाला त्या फोटोसमोर उभं केलं. "वळखलंस का?"

"वळखली की! हिरीवरची बहीण. किती रडती बिचारी."

आत्या, आप्पांची बहीण, पोट धरून हसली. "वयनी, घोडा हाय त्यो!"

सगळे हसले. मी नाही हसलो. अव्वाला खुर्चीत बसवलं आणि पेटीतल्या काचा एकेक लावत गेलो. मधेच तिनं माझा हात धरला. दारात उभ्या आप्पांकडं ती टक लावून बघत होती.

"आवं, तुमाला देवी आल्त्या व्हय?"

आप्पांच्या गालावर बारीक वण आहेत. नवऱ्याच्या तोंडाकडं बघायची आमच्यात पद्धत नव्हती, आणि बघून तरी तिला काय दिसणार होतं?

"लगनाच्या आदीच," आप्पा म्हणाले. "आता कळून काय उपेग? परत धाडतीस का मला?"

पण आत्या म्हणाली, "बाईमाणूस चष्मा लावून खुरपाया बसलं तर गाव काय म्हणंल? मास्तरीन हाय का ती?" अव्वानं गुपचूप काचा काढायला लावल्या आणि गावी निघून गेली.

मी चष्मा केलाच. आधी नाक बघितलं: रुंद, मधे जरा बसकं. फ्रेम तासून तासून त्यावर बेतली, काचा स्वतः घासल्या. मग निरोप धाडला, सिनेमाला ये. दुपारच्या खेळाला आम्ही दोघं बसलो. दिवे गेल्यावर चष्मा तिच्या हातात दिला. "अंधारात कोण बघतंय, अव्वा? घाल."

तिनं घातला. खेळ सुरू झाला. सवयीनं मी तिच्या कानाशी लागलो, "आता बघ, तो गाडीतून उतरला..."

तिनं कोपरानं ढोसलं. "गप बस. दिसतंय मला."

खेळ सुटल्यावर बाहेर भरउन्हात आलो, तरी चष्मा तिच्या डोळ्यांवरच होता. बसस्टँडवर उदगीर गाडीची पाटी तिनं लांबूनच दाखवली, "ती बग, लाल अक्षराची, आपली." वाचता येत नव्हतं, पण पाटी दिसत होती. तशीच गाडीत बसून ती गावात उतरली. दोन महिन्यांनी आत्या दुकानात आली आणि सुईत दोरा जाईना म्हणाली.

दुकान आजही चालू आहे. मी घरातला पहिला पदवीधर, आणि माझ्या आईनं आयुष्यातला पहिला सिनेमा मी घासलेल्या काचांतून बघितला.