दुसऱ्यांचं बोलणारा

माझा धाकटा भाऊ एका आरोग्य संशोधन संस्थेत कंत्राटी संशोधक आहे. तिथे त्याला सगळे 'वक्ते' म्हणतात. कौतुकाने नाही हो, सोयीने. संशोधन कोणाचंही असो, चार लोकांसमोर उभं राहून सांगायचं ते यानेच, कारण बाकीच्यांची माइक दिसला की बोबडी वळते.

आणि हा सांगतोही छान, खोटं कशाला बोलू? काय सापडलं ते आधी, एका वाक्यात. कसं सापडलं ते मागाहून. पडद्यावर आकड्यांची जत्रा नाही. सराव स्वयंपाकघरात, माझ्यासमोर. मी शिवणकाम करणारी बाई. मला एखादं वाक्य कळलं नाही, की तो मला समजावत बसायचा नाही, वाक्यच बदलायचा.

गेल्या वर्षी त्याने पहिल्यांदा स्वतःचं काम केलं. बेकरीतली जमीन कोरड्या झाडूने झाडली की पिठाची धूळ उडते आणि कामगारांच्या छातीत जाते. तीच ओल्या फडक्याने पुसली तर खोकला निम्म्यावर येतो. एवढंच. पण त्यासाठी हा वर्षभर बेकऱ्यांचे उंबरे झिजवत होता, मालकांच्या शिव्या खात होता. निवड समितीला पटलं तर पुढचा मोठा प्रकल्प त्याच्या नावावर होणार होता, नोकरीही कायम होणार होती. समितीसमोरचं भाषण सगळ्यांना खुलं होतं, मी मुद्दाम ऐकायला गेले.

झकास बोलला. समितीचे अध्यक्ष खूश झाले. म्हणाले, "वा, नेहमीसारखंच. आता ज्यांचं काम आहे त्यांना बोलवा, प्रश्न विचारायचेत."

"माझंच आहे, सर."

सगळे हसले. त्यांना वाटलं, वक्ते गंमत करतायत. भावाने विभागप्रमुख बाईंकडे पाहिलं. त्यांची किती भाषणं याने गाजवून दिली होती. 'हो, त्याचंच आहे,' एवढं म्हणाल्या असत्या तर काय जीभ झडली असती? बाई उठल्या आणि म्हणाल्या, "काम आमच्या विभागाचं आहे. विचारा, मी सांगते."

प्रकल्प मंजूर झाला, बाईंच्या नावावर. भावाचं कंत्राट वर्षभर वाढलं. वर बाईंचा फोन: मोठ्या परिषदेत हे मांडायचंय, तुझ्याशिवाय कोणाला जमणार?

"नाही म्हणालास ना?" मी विचारलं.

तो लॅपटॉप उघडून बसला होता. "मी नाही म्हटलं तर दुसऱ्याला देतील, ताई. तो आकडे वाचत बसेल, लोक झोपतील. माझ्या कामाची माती होईल."

"तुझं काम? कुठे राहिलंय ते तुझं?"

मला इतका संताप आला की तो लॅपटॉप उचलून आपटावासा वाटला. त्याने पहिल्या पानावर बाईंचं नाव टाकलं, जरा मागे सरकून पाहिलं, आणि लांबून वाचता यावं म्हणून अक्षर मोठं केलं.