मंदारला मी कधी टोकलं नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — तिला अंदाज असेल, पण माझ्या तोंडून नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मंदारला ओळखत नाही.

मंदार माझा मामेभाऊ, माझ्याहून बराच लहान. ग्वाल्हेरात सिटी सेंटरला माझं दुकान आहे. आम्ही स्वयंपाकघरातली कपाटं, ओटे बनवून बसवून देतो. मामा गेल्यावर मामीनं त्याला माझ्याकडे पाठवलं. काम एवढंच — गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, मापं घ्यायची, त्यांना काय हवंय ते समजून घ्यायचं. मापं तो चोख घ्यायचा. पण समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचा नाही. एखादी बाई म्हणायची, "भैया, मुझे सिंक खिड़की के..." आणि हा तिथूनच, "नहीं नहीं आंटी, वो गलत रहेगा." असेलही गलत. पण स्वयंपाक तिला करायचा होता ना?

मग मला फोन यायचे — उनको मत भेजिए, किसी और को भेजिए. मी दुसऱ्याला पाठवायचो आणि मंदारला म्हणायचो, तू जरा दुकान सांभाळ. त्याला वाटायचं, दादा आपल्याला वर चढवतोय.

शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे सगळे मिळून चहा पितात आणि मी एकेकाला तोंडावर सांगतो — आठवड्यात काय जमलं, काय बिघडवलं. हिंदीत. हिंदीत मला काहीही बोलता येतं. बबलू सुतार चिडतो, वाद घालतो, पण पुढच्या वेळी नीट करतो. मंदारची पाळी आली की मात्र मी मराठीत शिरायचो — मामीचा गुडघा कसा आहे? बबलू ओरडायचा, "लो, भैया का नंबर आया और घर की चिट्ठी खुल गई!" सगळे हसायचे. मंदारसुद्धा.

मराठी आमची घरातली, सणावाराची भाषा. तिच्यात कामावरून कुणाला बोलायची सवयच नाही — असं मी स्वतःला सांगत आलो. खरं सांगू? मामीच्या घरी माझा शब्द खाली पडत नव्हता. मंदारला बोललो तर तिथला हा मान गमवावा लागेल, एवढीच भीती होती. त्याला दया म्हणायचं का?

एकदा त्यानं सरळ विचारलंही होतं. "दादा, माझं काही चुकतं का रे? बबलूला एवढा झापतोस, मला कधीच नाही." किती सोपं होतं तेव्हा! मी म्हणालो, "तुला काय झापायचं? तू तयार माणूस."

शेवटी त्याला द्यायला काम उरलं नाही. मी सांगितलं, धंदा मंदा आहे. तेही खोटं — लवकरच त्याच्या जागी दुसरा ठेवला. मंदारला कळलं, पण तो भांडला नाही. म्हणाला, "तूच म्हणतोस ना, मी तयार आहे?" आणि घरात होतं नव्हतं ते घालून पाटणकर बाजारात स्वतःचं दुकान टाकलं. माझ्या शब्दावर.

गेल्या मंगळवारी त्यानं मला बोलावलं. दुकान बंद करायची पाळी आलीय, म्हणाला; जरा बस आणि सांग, लोक परत का येत नाहीत. मी बसलो. एक बाई आल्या. कपाटाचं दार डावीकडे उघडायला हवं, कारण घरात सासूबाई — एवढंच बोलल्या. सासूबाईंचं काय, ते कळलंच नाही. मंदारनं मध्येच सांगून टाकलं, तसं कुणी करत नाही. त्या "देखते हैं" म्हणाल्या आणि गेल्या.

मंदार माझ्याकडे वळला. "बघितलंस, दादा? यात माझं काय चुकलं?"

अगदी ओठांवर होतं. पण आता सांगावं तर तो विचारणार — मग इतकी वर्षं का नाही सांगितलंस? त्याच्या कानशिलांवरचे केस आता पिकलेत. मी त्यांच्याकडेच बघत राहिलो.

"काही नाही रे," मी म्हणालो. "बाजारच तसा आहे."

त्याचा चेहरा एकदम सैल झाला. दुकानाची पाटी कोपऱ्यावरून दिसत नसेल, असं त्याला वाटायला लागलं. ती कुठे लावू, म्हणून तो मला बाहेर घेऊन गेला — आणि मी रस्त्यात उभा राहून त्याला जागा दाखवली.