सगळीकडे तीन

परवा सकाळी राजेंद्र नगरच्या आमच्या घरी एक मुलगी माझी वही तपासायला आली. जन्मभर मी शाळेत पोरांच्या वह्या तपासल्या... आता माझी पाळी होती.

दहा दिवसांपूर्वी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्याच हॉस्पिटलात दुखण्यावरच्या दोन गोळ्यांची चाचणी चालू होती, कुठली जास्त गुण देते ते बघायला. मी राजीखुशीनं सही केली. गोळी घेतल्यावर किती दुखतंय, ते शून्य ते दहामध्ये वहीत लिहायचं. फारच दुखलं तर फोन करायचा, दुसरं औषध मिळतं.

मी रोज तीन लिहिलं. सकाळी तीन, संध्याकाळी तीन, व्यायामानंतरही तीनच.

खरं तर जीव जात होता. पण वही टेबलावर असायची आणि आमचे हे दर वेळी चष्मा लावून आकडा बघायचे. मला दुखलं की यांच्या घशाखाली घास उतरत नाही. शिवाय आमचं घराणं संस्थानी फौजेतलं... विव्हळायचं नाही, हे बाळकडूच.

हॉस्पिटलातून आलेल्या त्या मुलीनं पानं उलटली आणि गुडघा वाकवायला सांगितला. मला वाकवता येईना. डोळ्यांत पाणी आलं.

"आंटीजी, ये तीन है?" तिनं हळूच विचारलं. "आपका तीन देखके यही गोली औरों को देंगे. उनको दर्द हुआ तो?"

मी शरमले. दुसऱ्या कुणाचा गुडघा माझ्या डोक्यातच आला नव्हता.

"आठ," मी म्हटलं. "रोजच आठ."

तिनं जुने आकडे खोडू दिले नाहीत. खाली खरं काय ते लिहून सही करायला लावली आणि डॉक्टरांना फोन करून दुसरं औषध विचारून घेतलं.

हे शेजारीच बसले होते. ती गेल्यावर म्हणाले, "मला पता होतं गं. दुपारी नींद लागली की तू कण्हतेस. पण वहीत तीन दिसायचं... मग मी पण मानून घ्यायचो."

बेचाळीस वर्षं आम्ही एकमेकांना त्रास नको म्हणून गप्प राहिलो, आणि त्यालाच प्रेम समजत आलो. त्या मुलीचं नावसुद्धा विचारायचं राहिलं, पण तिचे उपकार विसरणार नाही.

आज यांनी वही उघडलीच नाही. जवळ बसून मलाच विचारलं, किती दुखतंय... मी सांगितलं, आणि पहिल्यांदा यांच्यासमोर पोटभर रडले.