पिंपाची तोटी

ही हकीकत मी आजवर टाळली. त्या द्राक्षमळ्याबद्दल कुणी विचारलं की मी इंजिनाचं वर्णन करायचो, तळघराचं करायचो आणि विषय बदलायचो. पिंपाचं कधी बोललो नाही. आता ऐंशी ओलांडल्यावर ते सांगून टाकतो.

सत्तर सालानंतरची ती वर्षं. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता आणि मी शेतीखात्यात नवा चिकटलो होतो. अकलूजच्या बाजूला एका गोऱ्या साहेबाचा जुना मळा होता. त्याच्या काळात तिथे द्राक्षांची दारू बनायची. पुढे साहेब गेला, दारूबंदी आली आणि तळघर वटवाघळांच्या ताब्यात गेलं. मग ऊस सोडून द्राक्षांच्या नादी लागलेल्या एका शेतकऱ्याने तो मळा घेतला आणि जुनं सगळं दुरुस्त करायला काढलं. तिथे बागायतदारांची सहल न्यायची होती. आठ दिवस आधी पाहणीसाठी मी एकटा गेलो.

काय सांगू, मी हरखून गेलो होतो. बाहेर मार्चचं ऊन आणि तळघराच्या पायऱ्या उतरताच अंगावर गारवा. कमानी नव्याने चुन्याने सांधलेल्या. रस काढायचं मळसूत्री दाबयंत्र तेल पाजून असं मऊ केलेलं की एका हाताने फिरत होतं. मी ते उगाच चारदा फिरवलं.

आणि वर तळघराच्या दारातच ते सागवानी पिंप, माझ्या डोक्याहून उंच. अशी पाच होती. त्यांतलं हे एकच उभं राहिलं होतं. ते उभं केलं होतं एका म्हाताऱ्या सुतारमामांनी. कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवल्या होत्या. एक खिळा नाही की सरस नाही, बाहेरून फक्त लोखंडी पट्टे. पिंप पाण्याने काठोकाठ भरलेलं होतं.

"लाकूड प्यालं की फुगतंय, फुगलं की सांधा मिटतोय," मामा म्हणाले. "महिना झाला पाजतोय. आता वाळू द्याचं न्हाय."

हे पिंप सहलीच्या दिवशी रसाने भरून दाखवलं की उरलेली चार पिंपं मालक मामांच्याच हातून करून घेणार होते. माझ्या हातून एवढं काम झालं की डोळे मिटायला मोकळा, असं मामा हसत म्हणाले. मग लेकीच्या लग्नासाठी आठ दिवस गावी निघाले. जाताना पिंपाला हाताने थोपटून गेले.

मी मंगळवेढ्याचा, कोरडवाहू मुलखातला. तोंड धुतलेलं पाणीसुद्धा आमच्या घरी झाडालाच जायचं. आणि इथे पिंपात एवढं पाणी नुसतं उभं, तर समोर द्राक्षाची नवी रोपं उन्हात माना टाकून. मला राहवेना. पिंपाची लाकडी तोटी मी फिरवली, पाणी पाटाला लावलं. एक ओळ भिजली की बंद करू, असं ठरवलं होतं.

तेवढ्यात वाफेच्या इंजिनाची शिट्टी झाली. साहेबाच्या वेळचं इंजिन, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा सुरू होत होतं. मी पळालोच. मोठं चाक हललं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मालकांनी मला दोर ओढून शिट्टी वाजवू दिली. त्याच आनंदात मी संध्याकाळच्या एसटीत बसलो. तोटी आठवली तेव्हा निम्मा रस्ता मागे पडला होता. राखणदार बंद करेल, असं मी स्वतःला सांगितलं. पत्र टाकता आलं असतं. तेही टाकलं नाही.

आठ दिवसांनी आमची सहल दोन गाड्या भरून पोचली. मंडळी खुशीत होती. एकाने दारू चाखायला मिळेल का म्हणून विचारलं, त्यावर मालक म्हणाले, "लई उशीर केला पाव्हणं, साहेब व्हता तवाच यायचं व्हतं."

पण दारात मामा बादलीने पिंपात पाणी ओतत होते आणि प्रत्येक सांध्यातून ते बाहेर येत होतं. ते सकाळीच गावाहून आले होते. झाकण काढलं तर पिंप कोरडं, फळ्यांमधून पलीकडचा उजेड दिसत होता. आठ दिवस त्या झाकणाला कुणी हात लावला नव्हता. काळ्या द्राक्षांचा रस शेवटी दुधाच्या कॅनमध्ये धरावा लागला.

मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "मामा, तोटी उघडी टाकून लग्नाला गेला व्हय?"

"म्या बंद केलीवती."

"मग काय पिंपानं सोताच उघडली?"

मंडळी हसली. त्यांच्यात मीही होतो. हसलो नाही, एवढंच. मामा ओल्या हाताने तोटी उघडत होते, मिटत होते. स्वतःच्याच आठवणीवर त्यांचा विश्वास उडताना मी पाहिला. मग त्यांनी हत्यारं पोत्यात भरली. उरलेली चार पिंपं दुसऱ्या कुणी केली.

चार वर्षांनी मी पत्ता काढून त्यांच्या घरी गेलो. ते अंगणात बसले होते, काम सोडलेलं. त्यांनी ओळखलं, तांब्याभर पाणी दिलं आणि आपणहून म्हणाले, "डोस्कंच चालंना, सायेब. तोटी मिटायची इसरलो बगा त्या बारीला."

मी पाणी प्यालो आणि उन्हाळ्याबद्दल काहीतरी बोलून उठलो. पुढच्या वर्षी ते गेल्याचं कळलं.

मामा, तुम्ही विसरला नव्हता. तोटी तुम्ही मिटलेलीच होती. ती मी उघडली. मला माफ करा.