इक्वलायझरची दहा बटणं

आमच्या माजघरात दहा सरकत्या बटणांचा एक जुना इक्वलायझर आहे. बाबांनी तो भाताची गिरण चालवायच्या दिवसांत हौसेनं घेतलेला. डावीकडची बटणं जाड आवाज सांभाळतात, उजवीकडची बारीक. बाबांनी डावीकडची पार खाली ओढली होती आणि उजवीकडची वर टेकवली होती. खाऱ्या हवेनं ती तिथंच घट्ट धरली होती.

रोज चहानंतर बाबा एकच कॅसेट लावत. मी मस्कतला नोकरीला असताना आईनं पत्राऐवजी बोलून पाठवलेली, मी परत येताना आणलेली. आई जाऊन तीन वर्षं झाली. त्या यंत्रातून तिचा आवाज अंगणापर्यंत सुईसारखा टोचत यायचा आणि माझं डोकं उठायचं. आई अशी बोलत नव्हती, हे मी बाबांना दहादा ऐकवलं.

यंदा सुट्टीत मी ते मनावर घेतलं. मला यातलं कळतं, हा माझा जुना समज. चिऱ्याच्या भिंतींवर गोधड्या टांगल्या, मोबाइलवर खोलीचा आवाज मोजला, स्प्रे मारून बटणांचा गंज ब्रशनं घासून काढला आणि मोजमापाप्रमाणे सगळी बटणं जवळपास एका रेषेत आणली. ती कॅसेट मी त्यासाठी चाळीसेक वेळा ऐकली असेल. आता आई शेजारी बसून बोलावी तशी बोलू लागली. माझे डोळे भरून आले. बाबा म्हणाले, "बरा आसा."

त्यानंतर चार दिवस त्यांनी कॅसेटला हात लावला नाही. पाचव्या दिवशी मीच लावली. ते फिरणाऱ्या चक्रांकडे बघत म्हणाले, "टेप फिरता, पण ती बोलणा नाय."

तेव्हा कुठे मला उमगलं. ती बटणं खोलीसाठी नव्हतीच. गिरणीच्या घरघरीत कान गेलेला माणूस, जसं ऐकू कमी येईल तसं एकेक बटण वर सरकवत आला होता.

मी घाईघाईनं बटणं परत वर ढकलली. नुसती खरखर. माझ्या घासण्यानं बटणांखालचा कार्बनचा थर गेला होता. कुडाळच्या दुरुस्तीवाल्यानं उघडून बघितलं आणि म्हणाला, "हो भाग आता खंयच गावाचो नाय." बाजारात तो मिळणं कधीच बंद झालं होतं. मोबाइलवर, लॅपटॉपवर तसा आवाज करून बघितला; पण बटणांच्या जुन्या जागा मी टिपून कुठे ठेवल्या होत्या? बाबा दर वेळी मान हलवत. कानाचं यंत्र फडताळात पडून होतं, त्यात आई पत्र्यासारखी वाजते म्हणून.

शेवटी ते म्हणाले, "झिला, ती काय म्हणता ता तूच सांग."

इक्वलायझर बाजूला काढून मी टेप थांबवत थांबवत एकेक वाक्य त्यांच्या कानाशी ओरडू लागलो. मध्येच आई म्हणाली, "बाबांका हल्ली बारीक आयकाक येणा नाय. तू इलस की मोठ्यान बोल त्यांच्याशी."

चाळीस वेळा ऐकलं होतं. शब्दांकडे लक्षच नव्हतं. मी तेही ओरडून सांगितलं.

"माका ठावक आसा ता," बाबा म्हणाले. "पण आवाज तुझो."