पाया पडू न देणारा स्क्रीन

आमच्या गावातल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये दिवंगत सभासदांचे फोटो ओळीने टांगलेले असत. त्यांत माझे वडीलही होते, खुर्चीत बसलेले, धोतराखाली पाय दिसणारे. मंडळाचं वाचनालय त्यांनी मरेपर्यंत सांभाळलं. दर पुण्यतिथीला आई फूल घेऊन जायची, ते फ्रेमच्या कडेवर ठेवायची, फोटोतल्या पायांना बोटं लावून ती डोळ्यांना लावायची आणि घरी आल्यावरच जेवायची.

मग मंडळाला आधुनिक व्हायची हुक्की आली. फोटोंच्या जागी मोठा टच स्क्रीन बसवायचं ठरलं. मी कॉलेजात सौंदर्यशास्त्र शिकवते, म्हणून मला सांस्कृतिक सल्लागार केलं. इंदूरहून डिझायनर आला. मी त्याला समजावलं, की स्पर्शाचा अर्थ सगळीकडे एकच नसतो. तुमच्या यंत्राला स्पर्श म्हणजे हुकूम वाटतो. आमची माणसं फोटोला हात लावतात तेव्हा त्यांना काहीच घडवायचं नसतं. निदान पायांपाशी बोट टेकलं तर स्क्रीनने गप्प राहावं. इतकी वर्षं हे मी वर्गात जांभया देणाऱ्या मुलांना सांगत आले. कुणाच्या उपयोगी पडण्याची ही पहिलीच वेळ होती.

“मैडम, बहुत सुंदर बात कही आपने,” तो म्हणाला. माझं वाक्य त्याने माहितीपत्रकावर छापलं आणि स्क्रीन होता तसाच ठेवला.

पुण्यतिथीला आईला घेऊन गेले. सचिवांनी वडिलांचा फोटो लावून दिला. आई वाकली, पायांना बोटं लावली आणि वडील सर्रकन बाजूला निघून गेले. वाचनालयाच्या किल्लीवरून ज्यांच्याशी त्यांचं जन्मभर वाकडं होतं, नेमके तेच गृहस्थ समोर आले. आईने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. सचिवांनी हसत वडिलांना परत आणलं. पुन्हा तेच झालं.

“काकू, हात नका लावू ना. दुरूनच करून घ्या,” सचिव म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी जुना फोटो मागितला. फ्रेमांना वाळवी लागली होती, भंगारात दिल्या, असं त्यांनी अगदी सहज सांगितलं. वर, स्कॅन तर आहे ना, हेही ऐकवलं.

आई तोवर मागे सरकून, डोळे मिटून, हात जोडून उभी होती. ती नेहमीच बराच वेळ उभी राहते. हात लागला नाही की स्क्रीन आपोआप जाहिरातीवर जातो, हे या सांस्कृतिक सल्लागाराला कुणी कळवलं नव्हतं. आईने डोळे उघडले तेव्हा समोर फ्रीगंज बाजारातल्या साडीच्या दुकानाचा सेल लागला होता.

फूल ठेवायला तिने स्क्रीनखाली चाचपून पाहिलं. तिथे कड नव्हती.

“यांची पाळी परत कधी येईल गं?” तिने मला हळूच विचारलं.

फूल ती पदरात बांधून घरी घेऊन आली. त्या दिवशी ती जेवली नाही.