भिवराबाईची चतकोर भाकर

भिवराबाईचं पित्ताशय आषाढात काढलं. अंबाजोगाईच्या दवाखान्यात दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, पोटावर चार बारीक छिद्रं पडली आणि चौथ्या दिवशी ती एसटीने चौसाळ्याजवळच्या आपल्या वस्तीवर परतली. बघायला आलेल्या बायकांची तर निराशाच झाली. एवढंसंच कापलं होय?

खरं ऑपरेशन पुढे झालं, ते चकलांब्याहून आलेल्या थोरल्या नणंदेच्या, सोजरबाईच्या हातून. तिच्या लेखी दवाखान्यात निजून आलेली बाई म्हणजे बाळंतीण. मग पोटातून पोर निघो की खडे. तुपाची किटली आणि डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊनच ती उतरली. भिवराबाईचे कान बांधले, खाटेखाली शेगडी ठेवली आणि सकाळ-संध्याकाळ तुपात पोहणारा शिरा तिच्यापुढे ठेवला.

"खा गं. अंगात जोर कुटून यायाचा?"

भिवराबाईने बिचारीने पंधरा दिवस मुकाट्याने खाल्लं. खाल्लं की पोट टम्म फुगायचं, लुगड्याची गाठ सैल करावी लागायची, आणि घटकाभरात टमरेल घेऊन पळावं लागायचं. नळावर बायका विचारायच्या, "भिवरे, या वयात दिवस गेले का काय?" आधी ती हसली, मग दोन शिव्या हासडल्या, आणि एक दिवस तिचं डोकंच फिरलं. तूप बंद, तेल बंद, वरण बंद. नुसती कण्यांची पेज. पोट बसलं खरं, पण बाईही त्याच्याबरोबर बसली. पोळ्याला पिठाच्या गिरणीतल्या काट्यावर उभी राहिली तर छप्पन किलोची अठ्ठेचाळीस भरली.

त्याच आठवड्यात ऊसतोडीची टोळी जमवणारा आप्पाराव मुकादम आला. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळी बांधून वाहायची. आप्पारावाने भिवराबाईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिच्या नवऱ्याला म्हणाला, "शहादेव, हिला नेऊन काय करतो? मोळीखाली मरंल ती. औंदा पोरगीला घे संगं."

पोरगी म्हणजे मंगल. चौसाळ्याच्या कॉलेजात बारावीला होती. शहादेव खाली मान घालून बसला. मंगलच दारातून म्हणाली, "जाते मी. परीक्षा काय, पुढल्या वर्षी देईन."

हे वाक्य भिवराबाईच्या काळजात घुसलं. चौथीत असताना तिला असंच उसाच्या फडात नेलं होतं. तिचीही परीक्षा पुढल्या वर्षावरच गेली होती, ती आजतागायत.

"सोयाबीन निघूस्तर थांबा," ती आप्पारावाला म्हणाली. "तवा बगा मला. तवर पोरीचं नाव काढायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच अंबाजोगाईला गेली. डॉक्टरीणबाई तरुण होती, पण तिने सगळं ऐकून घेतलं. "मावशी, पित्त साठवायची पिशवी गेली, पित्त नाही गेलं. ते आता थोडं थोडं सारखं गळत राहतं. एकदम एवढं तूप पोटात गेलं तर पचणार कसं? आणि नुसत्या पेजेवर वजन कुठून भरावं? दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खा, तेल बेताने, नवीन पदार्थ एका वेळी एकच. वजन उतरतच राहिलं तर लगेच परत या."

भिवराबाईने ते मनावर घेतलं म्हणजे किती? भाकरीचे चार तुकडे करायची आणि एका वेळी चतकोरच खायची, मुगाच्या वरणाबरोबर नाहीतर ताकाबरोबर. तीन दिवसांनी एक नवा पदार्थ. पोट फुगलं तर तो मागे, आठवड्याने पुन्हा. शेंगदाण्याच्या कुटाने तिला दोनदा रडवलं, तिसऱ्यांदा पोट गप राहिलं. जेवली की शेताच्या बांधावरून चक्कर. सोजरबाई रुसली. "माज्या तुपात काय इख हाय का?"

"तूप चांगलंय आक्का. माजं पोट बदललंय."

लाडू शहादेवाने संपवले. त्याचं वजन मात्र झकास वाढलं.

आश्विनात आप्पारावाच्याच रानात सोयाबीन काढायला सगळी टोळी लागली. भाकरीची फडकी अकराला सोडायची, सगळ्यांनी मिळून, हा टोळीचा रिवाज. भिवराबाईने आठलाच, आपल्या ओळीच्या, काकरीच्या टोकाला पोचल्यावर, चतकोर काढली. बायका हसल्या. "बघा गं, शेळीवानी चरती."

"चरू द्या की," ती म्हणाली आणि विळा उचलला.

अकराला बाकीच्यांनी पोटभर खाल्लं आणि सगळे सुस्तावले. हिने पुन्हा चतकोर खाल्ली आणि पाणी पिऊन उठली. दुपारी तीनला तिची काकर शहादेवाच्या बरोबरीने चालली होती. बांधावर उभा असलेला आप्पाराव बघत होता. त्याने मुद्दाम मोठा भारा बांधायला लावला. तिने तो डोक्यावर घेतला, गंजीपर्यंत नेला, टाकला आणि लगेच दुसऱ्या भाऱ्याला हात घातला.

"बरं," आप्पाराव म्हणाला. "शहादेव-भिवरा, एक कोयता."

तेव्हा गंजीच्या आडोशाला जाऊन ती पोटभर रडली. आनंदानेच रडली.

दिवाळी सरली आणि ट्रॅक्टर दारात आला. मंगलने पहाटे उठून भाकरी थापल्या होत्या, सगळ्यांचे चार-चार तुकडे करून फडक्यात बांधले होते. ट्रॉलीत आईचं अंथरूण लावलं आणि ती तिथेच बसून राहिली.

"आई, फडात तुला कुणी मधनंच खाऊ देईल का? मी येते."

"उतर खाली. तुजं कॉलेज हाय आज."

"आई..."

"मी खाईन, तू परीक्षा दे. उतर."

मंगल उतरली. ट्रॅक्टर सुरू झाला, वस्तीच्या वळणाकडे निघाला. भिवराबाईला अजून भूक नव्हती. तरी तिने फडकं सोडलं, मागे उभ्या पोरीला दिसेल असा हात वर करून एक चतकोर दाखवली आणि खाल्ली.